दोरा कुणाचा, कंबर कुणाची

माझ्या कमरेला मण्यांचा एक दोरा होता. मागच्या महिन्यापर्यंत होता. त्या दोऱ्यापायी मी मिरजेत एक्स-रे काढणाऱ्या पोरीशी कडाकडा भांडलेय. "आजी, कमरेचं काढा." "नाही काढणार." "अहो, फोटोत मणी येतील." "येऊ देत. तुझं काय जातंय?" बिचारीनं मण्यांसकट फोटो काढला. एकाहत्तर वर्षांच्या म्हातारीच्या तोंडाला कोण लागणार? त्यात मी जन्मभर सिस्टर. दवाखान्यात कुणावर कसं ओरडायचं, हे मला कुणी शिकवायला नको.

मी राजश्री हेरवाडे, राहणार जयसिंगपूर. शिरोळ तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत सव्वीस वर्षं काढली, दोन हजारांच्या वर बाळंतपणं केली आणि २०४१ च्या जानेवारीत, एकोणपन्नासाव्या वर्षी, मलावीला गेले. तिकडच्या खेड्यांसाठी अनुभवी नर्स हव्या होत्या. मी अर्ज टाकला. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा बंगळूरला, घरात मी आणि फ्रीजची घरघर. जाऊबाई म्हणाल्या, "राजश्री, ह्या वयात आफ्रिका? डोकं फिरलंय काय गं तुझं?" फिरलं असेल. पण फिरलं ते बरंच झालं.

गावाचं नाव मसुकु. मसुकु म्हणजे तिकडचं एक रानफळ, चिकूएवढं, गोड, खाल्लं की बोटं चिकट होतात. गावाला चारी बाजूंनी त्याचीच झाडं. आमच्या शिरोळची माती काळी, तिथली लाल. पांढऱ्या गणवेशावर एकदा लागली की जन्मात निघायची नाही. दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र, पुढं हातपंप, पंपाशी दिवसभर बायका. सकाळी मक्याचं पीठ शिजायला लागलं की सगळ्या गावावर त्याचा वास पसरायचा. आज बावीस वर्षं झाली, पण कुठं मक्याची कणसं उकडत असली की मी चालताचालता थांबते. लोकांना वाटतं म्हातारीचा गुडघा धरला.

*

मी गेले ती एक यंत्र घेऊन. ते काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

बाई गरोदर राहिली की वार गर्भाशयाला धरते, आणि बाळाला भरपूर रक्त मिळावं म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंद आणि सैल होतात. काही बायकांत त्या होतच नाहीत. अरुंदच राहतात. पाण्याच्या पाईपच्या तोंडावर अंगठा धरल्यावर पाणी कसं अडखळत, धक्के देत येतं, तसं रक्त जातं. बाईला काही कळत नाही. ती हसते, धुणं धुते, पाणी भरते. मग सहाव्या-सातव्या महिन्यात बीपी चढतं, तोंड सुजतं, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, आणि एके दिवशी झटका येतो. दवाखाना जवळ असेल तर वाचते. मसुकुपासून मोठा दवाखाना एकोणचाळीस किलोमीटर होता.

पुण्यातल्या आणि तिकडच्या काही संशोधकांनी मिळून असं यंत्र काढलं की जे कातडीवरून तो धक्का ऐकतं. साबुदाण्याएवढे पाच कान म्हणा ना. अंगाच्या उबेवर चालायचे, बॅटरी नाही की चार्जिंग नाही. आईची नाडी ऐकायचे, बाळाचे ठोके ऐकायचे, आणि बीपी चढायच्या आठ-दहा आठवडे आधी सांगायचे की इथं रक्त अडखळतंय. तेवढ्या आधी कळलं तर रोज एक लहान गोळी सुरू करता येते, बाईला शेवटचे आठवडे दवाखान्याशेजारी आणून ठेवता येतं. मग बहुतेक जणी वाचतात.

हे पाच कान शहाण्या लोकांनी बसवले होते कशात? चार बोटं रुंद निळ्या पट्ट्यात! गरोदर बाईनं तो पोटावर बांधून हिंडायचं. मी पहिल्या महिन्यात चाळीस पट्टे वाटले, आणि चाळीसच्या चाळीस परत आले. काही तर पायरीवर ठेवून बायका पळून गेल्या.

कारण मला आगोगोनं सांगितलं. आगोगो म्हणजे तिकडं आजी. तिचं नाव एनेलेसी फिरी, वय बासष्ट, बारा महिने डोक्याला लोकरीची पिवळी टोपी. पूर्वी ती गावची सुईण होती. पुढं सरकारनं सुईणींना घरी बाळंतपण करायला बंदी घातली, तेव्हापासून ती बायकांना हाताला धरून केंद्रात आणायची आणि दाराशी बसून माझं काम नापसंतीनं बघायची. पहिले दोन महिने आमचं अजिबात पटलं नाही. मग एकदा एक आडवं मूल तिनं नुसत्या हातानं फिरवून दिलं, आणि त्या दिवसापासून मी तिच्यासाठी जास्तीचा चहा टाकायला लागले. साखर चार चमचे.

"अमायी," ती मला म्हणाली. तिकडं बाईला आई म्हणूनच हाक मारतात. "अमायी, पाच महिने आम्ही पोटातलं कुणाला सांगत नाही. नजर लागते. कुणी करणी करतं. आणि तू सांगतेस की निळा पट्टा बांधून पंपावर जा?"

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडं तरी काय वेगळं आहे? मला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी तीन महिने शेजारणीला कळू दिलं नव्हतं. शिकलेसवरलेले लोक यंत्र करतात आणि एवढी साधी गोष्ट कुणाला विचारत नाहीत.

मग आगोगोनं इकडंतिकडं बघितलं, कमरेचं कापड जरासं सरकवलं आणि हसत मला दाखवलं. कमरेला मण्यांचा दोरा. तिकडं बायका लहानपणापासून घालतात, कपड्याच्या आत, नवऱ्याशिवाय कुणी बघत नाही. मी ओरडलेच, "अगंबाई! हा तर आमचा करगोटा!"

पुढचं सोपं होतं. पाच कान मण्यांत बसले. आणि दोरे दिले ते पंधरापासून ऐंशीपर्यंतच्या सगळ्या बायकांना. म्हणजे कुणाला दिवस गेलेत हे दोऱ्यावरून कुणाला कळायचं नाही. इशारा आला तर फक्त माझ्या टॅबवर यायचा. प्रत्येक दोऱ्याला नंबर, नंबरापुढं नाव आणि वय. एक मी पण बांधला. ही माझी कल्पना, हं. राजधानीहून, लिलोंग्वेहून, मोठे साहेब येऊन माझी पाठ थोपटून गेले. मी हवेत होते. मी सगळ्यांना सांगत सुटले, "ह्या दोऱ्याला सगळं कळतं. त्याच्यापासून काही लपत नाही."

बायका पंपाशी बसून आपापले मणी ओवायच्या, चेष्टामस्करी चालायची. आगोगोची नात लव्हनेस एकोणीस वर्षांची होती. नुकतं लग्न झालेलं, गाल फुगवून हसायची. पंपाचा दांडा लागून माझी हिरवी बांगडी फुटली, तर हिनं त्यातला एक तुकडा उचलला, दोन दिवस दगडावर घासून घासून गुळगुळीत केला आणि आपल्या दोऱ्यात मधोमध ओवला. "सिस्टर, हा रंग इथं मिळत नाही," म्हणाली. लव्हनेसची आई, म्हणजे आगोगोची थोरली मुलगी, हिला जन्म देतानाच झटके येऊन गेली होती. आगोगोनं नात वाढवली. त्या पोरीवर तिचा जीव किती, ते बोलून कळायचं नाही. तिला शिव्या देताना ऐकलं की कळायचं.

*

जूनमधली थंडीची सकाळ होती. तिकडं जूनमध्ये थंडी असते. टॅब वाजला. मी बघितलं आणि चष्मा पुसून परत बघितलं.

"एनेलेसी फिरी, वय ६२. गर्भ, अंदाजे चौदा आठवडे. रक्तप्रवाहात धक्का."

मी इतकी हसले, इतकी हसले की पोट धरून खाली बसले. तेवढ्यात आगोगो चहाला आलीच. मी म्हटलं, "आगोगो, अभिनंदन! तुला दिवस गेलेत. यंत्र म्हणतंय."

ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग तोंडावर हात घेऊन हसायला लागली. टोपी पडली तिची हसताना. "म्हातारं झालं वाटतं तुझं यंत्र," म्हणाली. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ती जरा उशिरा हसली, हे माझ्या त्या वेळी लक्षात आलं नाही.

टॅबवर प्रश्न होता: "ही नोंद चुकीची आहे का?" मी "होय" दाबलं.

दोन आठवड्यांनी परत तेच. परत "होय". तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा मी दुसऱ्या एका बाळंतपणात अडकले होते, दोन्ही हात भरलेले. चिडून कोपरानं उघडलं आणि "हा दोरा कायमचा बंद" असं दाबलं. शहरातल्या इंजिनिअरला निरोप टाकला की एक दोरा बिघडलाय, सवडीनं बघा. लव्हनेस त्या सुमाराला तळ्याकाठी मावशीकडं मासे सुकवायच्या कामाला गेलेली होती. तिच्या नावावरचा दोरा मात्र छान बोलायचा: नाडी ठीक, गर्भ नाही. मी म्हटलं, बरं आहे, पोर जरा मोठी होऊ दे.

*

सप्टेंबरात मसुकुची झाडं नव्या पालवीनं तांबूस झालेली. आगोगो दुपारी आली. चहा नको म्हणाली. मला तिथंच समजायला हवं होतं.

"डोक्याला गोळी दे, अमायी. फार दुखतं. डोळ्यांपुढं काजवे येतात."

"बस. बीपी बघते."

"नुसती गोळी दे."

"आगोगो, गुमान बस."

बीपी निघालं एकशेवीस, शहात्तर. तरण्या पोरीला लाजवील असं. मी पट्टी सोडता सोडता म्हटलं, "तुला काहीही झालेलं नाही. काजवे कुणाच्या डोळ्यांपुढं येतायत?"

ती उठली. उठताना कमरेचं कापड सुटलं, ते सावरायला तिनं हात खाली नेला, आणि मला दोरा दिसला. मधोमध माझ्या बांगडीचा हिरवा तुकडा.

हातच्या काकणाला आरसा कशाला! लव्हनेसचा दोरा हिच्या कमरेला. मग हिचा दोरा कुणाच्या कमरेला? ते बासष्ट वर्षांचं गरोदरपण, ते तीन इशारे, ते माझं कोपर.

"कुठाय ती?" मी ओरडले.

आगोगो दाराकडं वळली. मी तिचे दोन्ही खांदे धरले. "आगोगो, तिची आई कशी गेली ते तू बघितलंस. कुठाय लव्हनेस?"

"घरात," ती म्हणाली. "चार दिवस झाले येऊन. तोंड सुजलंय तिचं."

इंजेक्शनची पेटी घेऊन मी पळाले. जन्मात तशी पळाले नव्हते. पळताना रुग्णवाहिकेला फोन केला. मागून आगोगो अनवाणी पळत होती आणि दम लागत लागत सांगत होती. त्यांच्या घराण्यातली रीत. पहिलटकरणीनं आपले मणी द्यायचे आणि घरातल्या अशा बाईचे मणी घालायचे की जी बाळंतपणातून पुष्कळदा सुखरूप परत आली. आगोगो नऊ वेळा परत आली होती. तिच्या मुलीला तिनं मणी देऊ केले होते, पण मुलगी मिशनच्या शाळेत शिकलेली, तिनं नाकारले. आणि गेली. तेव्हापासून आगोगोच्या मनात हेच एक बसलेलं.

आम्ही दारात पोचलो आणि आतून भांडं पडल्याचा आवाज आला. लव्हनेस चटईवर आकडली होती. डोळे वर गेलेले, दातखीळ. मी तिला कुशीवर वळवलं, आगोगोनं डोकं धरलं. झटका ओसरल्यावर मी दोन्ही कुल्ल्यांत मॅग्नेशियम दिलं. बीपी एकशेऐंशीच्या वर. सातवा महिना.

तिथं आईकडच्या मामाला विचारल्याशिवाय बाईला गावाबाहेरच्या दवाखान्यात नेत नाहीत. मामाच घरचा कर्ता. तो नेमका बाजाराला गेलेला. शेजारणी म्हणाल्या, मामा येऊ दे. आगोगोनं त्यांच्याकडं असं बघितलं की त्या दोन पावलं मागं सरल्या. "मामाला मी जन्म दिलाय," म्हणाली. "मी बघते त्याच्याकडं. उचला."

एकोणचाळीस किलोमीटर. लाल रस्ता, खड्डे, लव्हनेसचं डोकं आगोगोच्या मांडीवर. मी दर पाच मिनिटांनी तिचा श्वास मोजत होते आणि मनात स्वतःला शिव्या घालत होते. मराठीतल्या, सगळ्या.

*

ऑपरेशन करून मुलगी काढली. बाराशे ग्रॅम. माझ्या दोन तळहातांत मावत होती. लव्हनेस शुद्धीवर नव्हती. एवढ्याशा जिवाला ऊब हवी, आणि सगळ्या पेट्या भरलेल्या. आगोगोनं पोलकं सोडलं, बाळ उघड्या छातीवर घेतलं आणि वरून कापडानं बांधून टाकलं. दोन दिवस ती तशीच बसून होती. दुधाचे थेंब चमच्यानं पाजायची. टोपी मात्र बाळाच्या डोक्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात मी तिच्याशेजारी बसले. तिनं बाळाला चमच्यानं दुधाचा थेंब पाजला. मग म्हणाली, "तू म्हणालीस तुझ्या दोऱ्याला सगळं कळतं. त्याच्यापासून काही लपत नाही. मला वाटलं, मग कुणाच्या कमरेला आहे ते तर त्याला कळतच असेल. पण तू हसलीस. मला वाटलं, पोर ठीक आहे म्हणूनच हसतेय."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

मी तिला खरं ते सांगितलं. की यंत्रानं तीनदा सांगितलं होतं. नाव चुकीचं होतं, पण पोर खरी होती. आणि तीनही वेळा मी त्याचं तोंड बंद केलं, कारण बासष्ट वर्षांची बाई गरोदर असू शकत नाही एवढं माझं शिक्षण झालेलं होतं. मी उठून तुझ्या घरी आले असते, तुझी कंबर बघितली असती, तर जूनमध्येच गोळ्या सुरू झाल्या असत्या. सांगताना मला रडू फुटलं. सव्वीस वर्षांत मी पेशंटच्या माणसांपुढं कधी रडले नव्हते.

आगोगोनं बाळाची टोपी सारखी केली. "तू हसलीस तेव्हा मीपण हसले," एवढंच म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "चहा मिळतो का बघ. चार चमचे."

लव्हनेस तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडून "पाणी" म्हणाली. मी व्हरांड्यात जाऊन आगोगोला सांगितलं. ती उठली आणि बाळासकट नाचली. हळूहळू, पाय न उचलता, नुसती कंबर हलवत. हिरवा तुकडा कमरेवर चमकत होता. मला अजून ते डोळ्यांपुढं दिसतं.

मुलीचं नाव तियामिके ठेवलं. आजी-नातीनं आपापले मणी परत घेतले, आणि आगोगोचा मी बंद केलेला दोरा मीच परत चालू केला.

अहवालात मी माझी चूक माझ्या नावानं लिहिली. मोठे साहेब म्हणाले, आता दोऱ्याला कुलूप करू, ज्याचा त्यानंच घालायचा, दुसऱ्याच्या अंगाला लागला की बंद. मी म्हटलं, साहेब, कुलूप केलंत तर ह्या बायका दोरा काढून झाडाला बांधतील. त्यांना मणी बदलू द्या. फक्त विचारा. बरीच वादावादी झाली. शेवटी यंत्रात एक रकाना वाढला: दोरा कुणाचा, कंबर कुणाची. उत्तर भरून घ्यायला दाराशी आगोगोला बसवलं, कारण तिच्याजवळ बायका खरं बोलायच्या. पुढच्या तीन वर्षांत मसुकुत एकही बाई बाळंतपणात गेली नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे, सांगते थोडी.

*

२०४४ मध्ये मी परत निघाले. बायकांनी पंपाशी मसुकुची टोपली भरून दिली. तियामिके दुडूदुडू धावत होती. गाडी हॉर्न मारत होती, आणि आगोगोनं मला केंद्राच्या आतल्या खोलीत ओढलं, दार लावलं आणि म्हणाली, "काढ."

"काय?"

"तुझा दोरा. माझा तू घे."

मी म्हटलं, "आगोगो, मी बावन्न वर्षांची. मला आता कुठलं बाळंतपण?"

"परत यायचं काय बाळंतपणातूनच असतं?" ती म्हणाली. "तुझं एक मूल. माझी नऊ. बदल तुझ्या फायद्याचा आहे, घे मुकाट्यानं."

तिनं स्वतःच्या हातानं गाठ मारली. मी तिच्या कमरेला माझा बांधला. हा बदल रकान्यात आम्ही भरला नाही. नियम मीच केलेला आणि मीच मोडला. यादीत ती राजश्री हेरवाडे झाली आणि मी एनेलेसी फिरी.

मग अकरा वर्षं माझी रोजची सकाळ एकाच गोष्टीनं सुरू झाली. चहा ठेवायचा, मोबाईलवर घेतलेली केंद्राची यादी उघडायची, आणि मसुकुतली राजश्री हेरवाडे बघायची. नाडी अडुसष्ट. म्हणजे आगोगो उठली, अजून बसूनच आहे. नाडी शंभर. म्हणजे पंपावर कुणाशी तरी भांडतेय. सणाच्या दिवशी नाडी नुसती नाचायची. आम्ही फोनवर फार बोललो नाही, तिकडची भाषा, चिचेवा, मी विसरत चालले होते. पण आमचं रोज बोलणं व्हायचं. तीपण तिकडं नव्या सिस्टरच्या टॅबमध्ये डोकावून एनेलेसी फिरीची नाडी बघायची, असं मला लव्हनेसनं सांगितलं. मला कोविडसारखा ताप आला होता तेव्हा नव्वद-शंभरच्या नाड्या बघून तिनं निरोप धाडला होता, "अमायीला म्हणावं, झोप. भांडी उद्या घास."

२०५५ च्या फेब्रुवारीत एका सकाळी पडद्यावर आलं: "राजश्री हेरवाडे. नाडी नाही. दोरा काढला आहे का?"

मी चहा तसाच ठेवला. मोबाईल बंद करून चालू केला. परत तेच. दुपारी मसुकु केंद्राकडून आपोआप जाणारा निरोप आला, हेरवाडे कुटुंबीयांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. माझ्याच मरणाचं सांत्वन मला आलं. मी ते वाचलं आणि कळवलं, "पोचलं." संध्याकाळी लव्हनेसचा फोन आला. दोघी नुसत्या रडलो. झोपेत गेली म्हणाली. कुणाला त्रास न देता, टोपी घालून.

माझ्या कमरेला मात्र एनेलेसी फिरी चालू होती. माझ्या नाडीवर. तिकडच्या यादीत तिचं वय दर वर्षी एकानं वाढायचं. म्हणून मी तो दोरा कधी काढला नाही. धागा चारदा बदलला, पण एका हातानं मणी पोटाशी दाबून धरून. एक्स-रेवाल्या पोरीला हे सगळं कुठं सांगत बसू?

*

मागच्या महिन्यात तियामिकेचा फोन आला. ती बाराशे ग्रॅमची पोर आता एकवीस वर्षांची आहे, शाळेत विज्ञान शिकवते. आता असले दोरे कुणी घालत नाही. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर दवाखाना आहे, रक्ताच्या एका थेंबात सगळं कळतं. तिची तपासणी झालीय, सगळं ठीक आहे. हे सगळं तिनं मला शिक्षिकेसारखं समजावून सांगितलं. आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "गोगो," मला ती आजीच म्हणते, "अजून कुणाला सांगितलं नाही. आगोगोचे मणी तुमच्याकडं आहेत ना?"

मला आधी "नाही" म्हणावंसं वाटलं. खोटं का बोलू? दोरा काढला की यादीतली एनेलेसी फिरी थांबणार. एकदा ती गेलेली मी बघितलीय. परत बघायचं, आणि तेही माझ्या हातानं?

पण मग मला वाटलं, अगं बाई, तिनं तो तुला दिला कशासाठी? जपून ठेवायला की घालायला?

देवापुढं बसून मी गाठ सोडली. अकरा वाजून दहा मिनिटांनी मोबाईलवर आलं, "एनेलेसी फिरी. नाडी नाही. दोरा काढला आहे का?" मी "होय" दाबलं. मणी रुमालात बांधले. पोस्टानं पाठवायची हिंमत झाली नाही. मिरजेची एक नर्स तिकडं कामाला निघाली होती, तिच्याबरोबर दिले आणि तिला इतक्या सूचना केल्या की ती वैतागली. कंबर मोकळी मोकळी वाटत होती. रात्री कुशीवर वळले की हात तिथंच जायचा.

परवा त्या नर्सनं इकडं येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तिकडून पुडी धाडली. बदल म्हणजे बदल, रिकाम्या हातानं कसं चालेल? तियामिकेला स्वतःचा दोरा नाही, म्हणून पुडीत तिच्या आईचा, लव्हनेसचा दोरा. मधोमध माझ्या बांगडीचा हिरवा तुकडा. मी तो कमरेला बांधत होते, आणि गाठ अजून पुरती बसली नव्हती, तोच मोबाईल वाजला.

"एनेलेसी फिरी, वय ८४. गर्भ, अंदाजे सोळा आठवडे. आईची नाडी ७८. बाळाचे ठोके १५०. रक्तप्रवाह मोकळा, धक्का नाही."

आणि खाली तोच जुना प्रश्न. "ही नोंद चुकीची आहे का?"

मी हसले गं आगोगो. तेव्हासारखीच हसले, पोट धरून, एकटीच, शेजारची सून धावत येऊन बघून गेली इतकी. मग डोळे पुसले, चष्मा लावला, आणि नीट बघून "नाही" दाबलं.